संत जुझे वाझ : विश्वासघाताला दिलेले उत्तर



शत्रूने केलेला घाव मनुष्य कसाबसा सोसतो, कारण तो येणार हे त्यास आधीपासून ठाऊक असते. परंतु ज्याच्याकडून घावाची अपेक्षाच नव्हती त्याने तो केला, म्हणजे शरीरापेक्षा मन अधिक दुखावते. अशा वेळी बहुतेक माणसे दोनपैकी एका मार्गाने जातात. कोणी सूड उगविण्याच्या मागे लागतो. तर कोणी जगावरचा विश्वासच सोडून देतो आणि चांगल्या माणसाकडेही संशयाने पाहू लागतो. ह्या दोन्ही वाटा टाळून तिसरी वाट काढणारा मनुष्य विरळा. अशा एका विरळ्या पुरुषाचे चरित्र आज आम्ही सांगणार आहोत.

हा विषय आम्हांस का सुचला तेही सांगितले पाहिजे. एका बाकावर बसणारे आणि मधल्या सुटीत एकमेकांच्या डब्यातले खाणारे दोन विद्यार्थी आमच्या परिचयाचे आहेत. त्यांपैकी एकाने आपली चूक झाकण्यासाठी दुसऱ्यावर आळ घेतला. ज्याच्यावर आळ आला त्याला शिक्षा झाली. काही दिवसांनी सत्य उघडकीस आले, अपराध्याने चुकीची कबुली दिली, आणि मोठ्यांनी दोघांचे हात एकमेकांच्या हाती देऊन प्रकरण मिटविले. परंतु शिक्षा भोगलेला मुलगा त्या सायंकाळी आमच्याकडे आला आणि मान खाली घालून त्याने विचारले की, क्षमा केली म्हणजे उद्यापासून माझी वहीसुद्धा पूर्वीसारखी त्याच्या हाती द्यायची का? आणि नाही दिली, तर माझी क्षमा खोटी ठरते का?

प्रश्न लहानाचा होता, पण लहान नव्हता. उपदेशाचे चार शब्द सांगून त्याची बोळवण करणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. म्हणून आम्ही त्याला संत जुझे वाझ यांची कथा सांगितली. तीच आज सर्वांसाठी येथे लिहीत आहोत.

शिरगावच्या शाळकरी वाचकांना एका ख्रिस्ती संताचे चरित्र परके वाटेल अशी शंका कोणी घेऊ नये. ज्या गावच्या लईराई देवीची बहीण म्हापशाची मिलाग्रीस सायबीण होय असे लोक पिढ्यान्‌पिढ्या मानीत आले, त्या गावाला सज्जनाची जात अगर धर्म विचारण्याची सवय नाही. वैशाखातल्या जत्रेत व्रतस्थ धोंड होमकुंडातील निखाऱ्यांवरून चालत जातात, ते आपण डोळ्यांनी पाहतो. जुझे वाझ हेही निखाऱ्यांवरून चालले. फरक इतकाच की त्यांची वाट एका रात्रीत संपणारी नव्हती. ती चोवीस वर्षे पुरली.

जुझे वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी सासष्टीतील बाणावली येथे आजोळी झाला. पित्याचे नाव क्रिस्तोव्हांव वाझ व मातेचे मारिया द मिरांदा. पित्याचे घर सांकवाळला. घराणे मूळचे सारस्वत ब्राह्मणांचे, काही पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेले. घरात बोली कोकणी. त्या काळच्या सासष्टीत फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चे मराठी ओवीबद्ध पठण देवळांतून होत असे. १६१६ साली रायतूर येथे छापलेला तो ग्रंथ ही आपल्या मराठी भाषेची मोठीच ठेव आहे. अशा वातावरणात हा मुलगा वाढला. सांकवाळला त्याने पोर्तुगीज भाषेचे धडे घेतले, बाणावलीस लॅटिनचा अभ्यास केला आणि पुढे गोवे शहरात, म्हणजे आजच्या जुन्या गोव्यात, जेझुइटांच्या व डोमिनिकनांच्या महाविद्यालयांत साहित्य, तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र यांचे अध्ययन केले. १६७६ साली त्यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. तेव्हापासून त्यांनी गरिबांप्रमाणे अनवाणी चालण्याचा नेम धरला. सांकवाळला लॅटिनची शाळा काढून ते मुलांना शिकवूही लागले. आम्हां शिक्षकांना ह्या गोष्टीचे विशेष कौतुक वाटते.

येथे त्या काळची एक कटू वस्तुस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. एतद्देशीय तरुण कितीही विद्वान असला तरी युरोपीय पाद्र्यांचे धर्मसंघ त्यास सामान्यतः आपल्यात घेत नसत. त्याच्या वाट्याला दुय्यम स्थान येई. ज्या धर्माने सर्वांना एका पित्याची लेकरे म्हटले, त्याच धर्माच्या घरात रंग पाहून पाट मांडला जात असे. हाही एक प्रकारचा विश्वासघातच होता.

ह्या अन्यायाने पेटून उठलेला एक पुरुष वाझ यांच्या आधी होऊन गेला होता आणि त्याचा आपल्या डिचोलीशी निकटचा संबंध आहे. दिवाड बेटावर जन्मलेल्या मातेवस द कास्त्रो यांना गोव्याच्या आर्चबिशपांनी पाद्रीपद नाकारले. तेव्हा ते खुष्कीच्या मार्गाने थेट रोमला पोहोचले, तेथे शिकले, पाद्री झाले, आणि १६३७ साली बिशपपदही मिळवून परतले. गोव्यात त्यांना मान मिळेना. म्हणून आदिलशाहीच्या मुलखात, डिचोली, बांदे व वेंगुर्ले येथे त्यांनी आपली प्रार्थनामंदिरे उभारली. त्या काळी डिचोली पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हती. कास्त्रो यांची बुद्धी तीक्ष्ण होती आणि त्यांचे गाऱ्हाणेही खरे होते. परंतु संताप इतका वाढला की पोर्तुगीजांविरुद्ध आदिलशाही दरबाराचा व डचांचा आधार शोधण्यापर्यंत त्यांची मजल गेली. अखेर त्यांना रोमला परतावे लागले आणि तेथेच त्यांचा देह पडला. त्यांना दोष देण्याचा आमचा अधिकार नाही. ज्याचे जळते त्यासच कळते. तरीपण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग अन्याय करणाऱ्यांशी झुंजण्यातच खर्ची पडला, हे खरे.

तोच अन्याय जुझे वाझ यांनीही पाहिला. पण त्यांनी दिलेले उत्तर निराळे होते. जुन्या गोव्यातील चमत्कारी क्रुसाच्या टेकडीवर काही एतद्देशीय पाद्री एकत्र राहून साधना करीत होते. १६८५ च्या सप्टेंबरमध्ये वाझ त्यांना मिळाले आणि लवकरच त्यांचे प्रमुख निवडले गेले. संत फिलिप नेरी यांच्या धर्तीवर त्यांनी ह्या मंडळास शिस्त लावली. परक्यांच्या दारात ताटकळत उभे राहण्याऐवजी त्यांनी आपले स्वतःचे घर उभे केले. त्यात दरवाजे फोडण्याचा आक्रस्ताळेपणा नव्हता आणि दारात लोळण घेण्याची लाचारीही नव्हती. त्यांच्या पुढील सर्व वागणुकीचे बीज आम्हांस येथे दिसते.

त्यापूर्वी १६८१ ते १६८४ ह्या काळात ते कानडा प्रांतात, मंगळूर, बसरूर, कल्याणपूर ह्या बाजूला, कार्य करून आले होते. तेथील ख्रिस्ती समाजात गोव्याहून गेलेले कोकणी लोक पुष्कळ. गोव्याच्या आर्चबिशपांनी वाझ यांना तिकडे पाठविले. पण रोमहून नेमलेले दुसरे अधिकारी, बिशप तोमास द कास्त्रो, हे तो प्रांत आपल्या अधिकारातला मानीत. हे तोमास म्हणजे वर सांगितलेल्या मातेवस यांचे पुतणे. दोन सत्तांच्या ओढाताणीत भाविकांची परवड होऊ लागली. आपल्याच धर्मबंधूंचा विरोध कसा सोसावा, आणि तो सोसताना जिभेवर ताबा कसा ठेवावा, ह्याचा पहिला धडा वाझ तेथे शिकले.

आता त्यांच्या जीवनातील मुख्य प्रसंगाकडे वळू.

सिंहलद्वीपाचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा, किनारा पोर्तुगीजांच्या हातून डचांनी जिंकून घेतला. १६५८ साली जाफना पडले आणि पोर्तुगीजांचे तेथील राज्य संपले. डच हे कॅल्विनपंथी ख्रिस्ती. त्यांनी कॅथलिक पाद्र्यांना हाकलून दिले आणि त्यांना आश्रय देणाऱ्यांसही कडक शिक्षा ठरविल्या. बेटावरील हजारो कॅथलिक कुटुंबे जवळजवळ तीन दशके गुरूविना राहिली. ही हकीकत वाझ यांच्या कानी आली होती. १६८६ साली प्रमुखपद सोडून, जुआंव नावाच्या विश्वासू सेवकास बरोबर घेऊन, ते गोव्याहून निघाले.

पाद्र्याचा झगा घालून डचांच्या मुलखात पाऊल टाकणे म्हणजे पहिल्याच दिवशी तुरुंगात जाणे. म्हणून त्यांनी झगा उतरवला आणि कष्टकरी भिकाऱ्याचा वेष घेतला. वाटेत ते तामिळ शिकू लागले. तुतुकुडीहून गलबताने निघून १६८७ साली ते जाफन्यास पोहोचले ते अर्धमेल्या स्थितीत. प्रवासाने आणि उपासमारीने त्यांना अतिसार जडला होता. प्रकृती सुधारल्यावर त्यांनी एक युक्ती केली. गळ्यात जपमाळ घालून ते घरोघर भिक्षा मागत फिरू लागले. ती माळ पाहून कोणाच्या डोळ्यांत नुसते कुतूहल दिसते आणि कोणाच्या डोळ्यांत ओळख उमटते, हे ते निरखीत. ज्या घरी ओळख दिसे ते घर ध्यानात ठेवीत. पण लगेच तेथेही मन उघडे करीत नसत. घरच्यांना पारखीत आणि त्यांनाही आपली पारख करू देत. आणि मग एखाद्या रात्री, दारे लावून, मंद दिव्याच्या उजेडात, कित्येक वर्षांनंतर त्या घरात प्रार्थनेचा विधी होई.

मित्रहो, हे कपट नव्हे. कपट म्हणजे दुसऱ्याचे नुकसान करण्यासाठी केलेली लपवाछपवी. वाझ यांनी लपविले ते स्वतःला, आणि तेही आश्रय देणाऱ्यांच्या रक्षणासाठी. सर्पाची सावधानता आणि कबुतराची निष्कपटता एकाच अंतःकरणात नांदू शकते ही येशू ख्रिस्ताची शिकवण त्यांनी अक्षरशः आचरणात आणली.

तरीही एवढी दक्षता पुरी पडली नाही. डच अधिकाऱ्यांना सुगावा लागला. १६८९ च्या नाताळच्या रात्री प्रार्थनेसाठी जमलेल्या लोकांवर सैनिकांनी धाड घातली, अनेकांना पकडले आणि प्रमुख मंडळींना कठोर शिक्षा दिल्या. वाझ निसटले. त्यांच्या जागी एखादा उतावळा मनुष्य शौर्याच्या भरात स्वतः होऊन डचांच्या स्वाधीन झाला असता, आणि मागे राहिलेल्या हजारोंचा एकुलता एक आधार नाहीसा झाला असता. एखादा भित्रा मनुष्य गोव्याचे जहाज शोधीत निघाला असता. वाझ ह्यांनी बेट सोडले नाही आणि जुन्या जागीही ते थांबले नाहीत. १६९० साली ते पुत्तलम येथे गेले. ते गाव डचांच्या अंमलाखाली नसून बेटाच्या मध्यभागी राज्य करणाऱ्या कँडीच्या बौद्ध राजाच्या अंमलाखाली होते.

त्या राजाचे नाव दुसरा विमलधर्मसूर्य. त्याच्या राजधानीतही काही कॅथलिक लोक राहत होते. १६९२ साली वाझ रीतसर मार्गाने, दरबाराला आधी वर्दी पोहोचवून, कँडीस निघाले. चोरून गेले असते तर संशयास जागा राहिली असती; म्हणून ते उघडपणे गेले. आणि नेमका येथेच घात झाला.

दरबारात लानेरोल नावाचा एक फ्रेंच गृहस्थ वजन राखून होता. १६७२ साली फ्रेंच आरमाराचा दूत म्हणून तो आला आणि राजाने त्यास परत जाऊ दिले नाही. तेव्हापासून तो तेथेच राहिला होता. वाझ येत आहेत असे कळताच त्याने राजाचे कान भरले की, हा धर्मगुरू नसून पोर्तुगीजांचा हेर आहे. लानेरोल वाझ यांचा मित्र नव्हता, हे खरे. परंतु तोही त्याच ख्रिस्ताचे नाव घेणारा होता. परक्या मुलखात, परक्या धर्माच्या राजापुढे, ज्याच्याकडून निदान एका सत्य शब्दाची आशा धरावी, त्यानेच हा घाव घातला. वाझ आणि त्यांचे सोबती कैद झाले.

अशा क्षणी मनुष्याच्या मनात काय उसळते ते प्रत्येकाने स्वतःशी आठवून पाहावे. मी ह्या माणसाचे काय बिघडविले होते? मी खरा असताना माझी ही दशा का? हे प्रश्न वाझ यांच्याही मनात आले असतील. ते हाडामांसाचेच होते. परंतु त्यांच्या कृतीवरून दिसते की ह्या प्रश्नांना त्यांनी मनात घर करू दिले नाही.

घाव घालणाऱ्याची बाजूही आपण क्षणभर पाहू. लानेरोल हा कॅल्विनपंथी. फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाने १६८५ साली त्या पंथाला मिळालेले संरक्षण काढून घेतले आणि असंख्य निरपराध कुटुंबांना देशोधडीला लावले. तो राजा कॅथलिक होता. लानेरोलच्या डोळ्यांना कॅथलिक पाद्री भयंकर दिसला तर त्यात नवल नाही. आणि कँडीच्या राजाचे म्हणाल तर पोर्तुगीजांशी त्याच्या पूर्वजांनी अनेक वर्षे रक्तरंजित युद्धे केली होती. पोर्तुगीज मुलखातून आलेल्या पाद्र्याचा त्यास संशय यावा हेही स्वाभाविक होते. आळ खोटाच होता. पण ज्या भयातून तो उपजला ते भय खोटे नव्हते. भय वादविवादाने जात नाही, ते अनुभवाने जाते. वाझ यांच्या पुढील वागणुकीकडे पाहता हे मर्म त्यांनी ओळखले होते असे म्हणावे लागते.

हेर असल्याचा आळ आलेला मनुष्य काय करील? तो पहारेकऱ्यांची नजर चुकवील, निरोप पाठवील, पळण्याची संधी शोधील. वाझ यांनी यांतले काहीच केले नाही. पाहणाऱ्यांना ते मनसोक्त पाहू देत. पहाटे उठावे, प्रार्थना करावी, मिळेल ते खावे, कोणाविषयी तक्रार करू नये. जो वेळ उरे त्यात ते सिंहली भाषा शिकू लागले. ज्यांनी कोंडून ठेवले त्यांच्याच भाषेचा अभ्यास ते करीत होते! दिवस गेले, महिने गेले. पहारेकऱ्यांच्या नजरेस एकही संशयास्पद गोष्ट येईना. ज्यांना पाळत ठेवण्यासाठी नेमले होते तेच त्यांच्या निर्दोषपणाचे साक्षीदार झाले. पहारा सैल पडला. वाझ यांनी आधी एक साधी झोपडी प्रार्थनेसाठी उभारली, आणि पुढे तिच्या जागी लहानसे देऊळ उभे राहिले. पुढे मोठे अवर्षण पडले असता राजाच्या विनंतीवरून त्यांनी भर चौकात वेदी मांडून प्रार्थना केली आणि मुसळधार पाऊस पडला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यानंतर राजाने त्यांना राज्यात फिरण्याची मोकळीक दिली.

राजाची मर्जी बसली. आता मनात आणते तर वाझ यांना लानेरोलचा हिशेब चुकता करता आला असता. दरबारात एक शब्द पुरेसा होता. परंतु त्या मर्जीचा उपयोग त्यांनी आपल्या निंदकाविरुद्ध केला अशी एकही नोंद आमच्या वाचनात आलेली नाही. त्यांनी ती मर्जी दुसऱ्याच कामी लावली. गोव्याहून आपल्या मंडळाचे आणखी पाद्री त्यांनी बोलावून घेतले, आणि तेही बहुधा वेष पालटूनच आले. राजाची कृपा झाली म्हणून किनाऱ्यावरच्या डचांचा डोळा लागला होता असे नव्हे! हृदयात कडवटपणा नव्हता, पण डोळ्यांवर झापडही नव्हती.

१६९७ साली कँडीत देवीची भयंकर साथ आली. राजा व सधन लोक शहर सोडून गेले. रोगी माणसांना त्यांचेच आप्त रानावनात टाकून पळू लागले. ज्या शहराने वाझ यांना हेर म्हणून कोंडले होते ते शहर आता असहाय पडले. वाझ आणि त्यांचे सहकारी फादर जुझे कार्व्हाल्यो शहरातच राहिले. त्यांनी रोग्यांसाठी निवारे उभारले, घरोघर अन्नपाणी पोहोचविले, व्रणांतून वाहणारा पू धुतला आणि ज्यांना कोणी शिवेना अशा प्रेतांना मूठमाती दिली. हा बौद्ध, हा ख्रिस्ती, हा आपला, हा परका, असा भेद त्यांनी केला नाही. हेरगिरीच्या आरोपाला शब्दांनी न दिलेले उत्तर अशा रीतीने कृतीने पुरे झाले. परत आल्यावर राजाने त्यांच्याविषयीचा आपला आदर उघडपणे व्यक्त केला.

पुढची वर्षे त्यांनी बेटाच्या कानाकोपऱ्यांत पायी हिंडून काढली. प्रसंगी ते डचांच्या मुलखातही वेषांतराने जात. बिशपपद देऊ केले असता त्यांनी ते नम्रतेने नाकारले. १७०५ साली दिवाडचे जाकोम गोन्साल्व्हिस त्यांच्या मदतीस आले. त्यांनी पुढे सिंहली व तामिळ भाषांत विपुल ग्रंथरचना करून ठेवली. १७०७ साली विमलधर्मसूर्य निवर्तला आणि त्याचा पुत्र नरेंद्रसिंह गादीवर आला. त्याचाही लोभ वाझ यांच्यावर कायम राहिला. अतिश्रमाने थकलेल्या ह्या सत्पुरुषाने १६ जानेवारी १७११ रोजी रात्री कँडी येथे देह ठेवला. गोवा सोडल्यापासून जवळजवळ पंचवीस वर्षे झाली होती. ते पुन्हा कधीही सांकवाळास परतले नाहीत.

जगाने त्यांची थोरवी मान्य करण्यास बराच काळ घेतला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबो येथे त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले आणि पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच नगरीत त्यांना संतपद दिले. मृत्यूनंतर तीनशे चार वर्षांनी! सांकवाळला त्यांचे स्मारकस्थान आहे आणि १६ जानेवारीस त्यांचा सण साजरा होतो. ज्या देशात ते हेर म्हणून कैद झाले होते तो देश आज त्यांना आपला संत म्हणतो.

आता आमच्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ.

क्षमा आणि भरवसा ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत. क्षमा ही आपण आपल्या बाजूने, एका क्षणात, समोरच्याने काहीही न देता देऊ शकतो. कारण ती आपल्या हृदयाची बाब आहे. भरवसा मात्र दिला जात नाही. तो कमवावा लागतो, आणि त्याला दिवस लागतात. वाझ यांनी राजाकडून एका दिवसात विश्वासाची मागणी केली नाही. तो आपल्या वागण्याने महिनोन्‌महिने कमावला. दुसऱ्याकडून विश्वास मिळविण्यास आपल्याला जर इतका काळ लागतो, तर आपला विश्वास तोडणाऱ्यानेही तो पुन्हा हळूहळू कमवावा असे म्हणण्यात पाप कसले? पाप आहे ते त्याला कमावण्याची संधीच न देण्यात. सावधगिरी दाराला कडी घालते. सूड दारच भिंतीने बुजवून टाकतो. कडी आतून काढता येते.

आणखी एक. वाझ यांच्यावर आळ घेणारा एक होता. पण त्या एकामुळे त्यांनी सगळ्या कँडीला दोषी धरले नाही. धरले असते तर देवीच्या साथीत रोग्यांच्या उशाशी कोण बसले असते? एकाने फसविले म्हणून दहाजणांवर रुसणारा मनुष्य फसविणाऱ्याला दहापट यश मिळवून देतो.

ही कथा सांगून आम्ही त्या मुलाला घरी पाठविले. काय करावे ते त्यास सांगितले नाही. पुढे काही दिवस आम्ही त्या बाकाकडे दुरून पाहत होतो. दोघे पुन्हा शेजारी बसू लागले. वही दोघांच्या मध्ये उघडी असे आणि दोघेही तीतून वाचीत. मात्र शाळा सुटल्यावर ती ज्याची त्याच्याच पिशवीत जाई. परवा सायंकाळी, शाळेची घंटा झाल्यावर, ती दुसऱ्याच्या पिशवीत जाताना आम्ही पाहिली.